आतून ठोठावलेले दार

त्या प्रयोगशाळेत पादत्राणे घालून जाता येत नसे. दाराबाहेरच्या व्हरांड्यात चपला-बुटांचा ढीग पडे, आणि आत साधारण किती विद्यार्थी आहेत हे हजेरी न घेताही त्या ढिगावरून सांगता येई. आत संगणक होते, आणि संगणकाला धूळ चालत नाही ही त्या काळातली सार्वत्रिक समजूत होती. म्हणून खिडक्यांना जाड निळे पडदे, कोपऱ्यात घरघरणारा एसी, आणि दारावर प्राचार्यांच्या सहीची सूचना: तास चालू असताना दार उघडू नये, गार हवा जाते. वाचकाने ही सूचना लक्षात ठेवावी. पुढे माझ्या बाबतीत जे झाले, त्यात तिचा वाटा माणसांइतकाच आहे.

महाविद्यालय बीदरच्या बाहेर, मन्नाएखेळ्ळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते. आमच्या भागातली पोरे शिकून हैदराबादला, पुण्याला, बंगळूरला जाऊ लागली होती आणि तिथून कोणी कोणी विमानाने पुढे निघाले होते, ते हे दिवस. गावोगावच्या बापांना संगणकाचे शास्त्र ठाऊक नव्हते; शेजाऱ्याचा मुलगा कुठवर पोचला एवढे ठाऊक होते. तेवढ्या माहितीवर संस्थांनी इमारती उभ्या केल्या. मी तिथे करारावर व्याख्याता होतो. जनवाड्याहून सकाळच्या बसने येई आणि संध्याकाळच्या बसने परत जाई. आमचे घराणे आजोबांच्या काळात बौद्ध झालेले. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होऊन निवृत्त झालेले. पाटीवर आधी तारीख लिहावी, मग विषय लिहावा आणि मगच तोंड उघडावे, ही शिस्त मला त्यांच्याकडून मिळाली.

त्या वर्षी विद्यापीठाची तपासणी समिती येणार होती. नेटवर्क प्रोग्रॅमिंग हा विषय अभ्यासक्रमात नव्याने आला होता आणि समिती त्याची प्रयोगशाळा पाहणार होती. संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून अगदी मोजक्या शब्दांत सांगितले, "समिती खूश झाली तर तुम्हाला कायम करू. न्हाई तर पुन्हा जाहिरात." कायम होणे म्हणजे काय, हे ज्याने दर उन्हाळ्यात कराराचा कागद पुन्हा येतो की नाही याची वाट पाहिली आहे, त्यालाच नीट कळेल. घरात बहिणीचे शिक्षण चालू होते. आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, डोळ्यांचे ऑपरेशन 'तुझं कायम झाल्यावर' या वाक्यावर अडकून पडले होते.

विषय शिकवण्यात एक अडचण होती. संगणक एकमेकांना जोडणारी स्विचची पेटी प्राचार्यांच्या कपाटात कुलूपबंद असे. एका यंत्रातला व्हायरस तारेतून दुसऱ्या यंत्रात जातो, असे त्यांना कोणी तरी सांगितले होते. खंडेनवमीच्या शस्त्रपूजेला ती पेटी बाहेर निघे, तिला हळदकुंकू लागे, झेंडूचे फूल वाहिले जाई आणि ती पुन्हा कपाटात जाई. परिणामी आमचा प्रत्येक संगणक एकटा होता. नेटवर्क प्रोग्रॅमिंगचा सराव आम्हाला नेटवर्काशिवाय करावा लागे.

तो कसा करता येतो, हे थोडे समजावून सांगतो. प्रत्येक संगणकाला स्वतःशी बोलण्यासाठी एक राखीव पत्ता असतो, १२७.०.०.१. त्या पत्त्यावर घातलेली हाक तारेवर जातच नाही. यंत्राच्या पोटातून निघते आणि पोटातच परत येते. हाक मारणारा प्रोग्रॅम आणि हाक ऐकणारा प्रोग्रॅम एकाच यंत्रावर चालवले, की काम भागते. मात्र ऐकणाऱ्या प्रोग्रॅमने स्वतःला कोणता पत्ता लावून घेतला आहे, याला महत्त्व असते. त्याने सगळे पत्ते लावून घेतले, तर घरच्याची आणि परक्याची, दोघांची हाक त्याला ऐकू येते. त्याने फक्त तो राखीव पत्ता लावून घेतला, तर बाहेरचा कोणी कितीही ठोठावो, त्याला नकार मिळतो. हे मी फळ्यावर लिहिले होते आणि मुलांनी उतरवूनही घेतले होते.

उतरवून घेणे आणि कळणे यांत अंतर असते, म्हणून मी एक नाटक बसवले. मी स्वतः प्रयोगशाळेच्या बंद दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"मी सर्व्हर, म्हणजे हाक ऐकणारा," मी म्हणालो. "तुम्ही एकेक करून येणार आणि दार ठोठावणार."

"ठोठवायचं कुठून, सर?" मागून एकाने विचारले.

"खरे तर बाहेरून. पण दार उघडता येत नाही, म्हणून आपण आतूनच ठोठावू. हे उलटे आहे, एवढे ध्यानात ठेवा. खरा येणारा नेहमी बाहेरचा असतो."

"म्हंजे आत हाईत तेच आत यायलेत," तोच मागचा आवाज म्हणाला. "लई भारी सर्व्हर हाय, अण्णा!"

वर्ग हसला. मीही हसलो, कारण विनोद चांगला होता. तो मुलगा रस्त्यांच्या एका कंत्राटदाराचा. उंच, गोरा, बसण्यात एक ऐसपैसपणा. वर्गातली मराठी मुले त्याच्याभोवती बसत, कानडी मुले त्याच्या मोटारसायकलवर बसत, आणि मराठी, कानडी, उर्दू या तिन्ही भाषांतले टोमणे त्याला सारखेच येत. आणखी एक गोष्ट नोंदवतो: वर्गातला सर्वांत चांगला प्रोग्रॅम तोच लिही.

मुले येऊ लागली. ज्याने ठोठावले त्याला मी 'ॲक्सेप्ट' म्हणून एका खुर्चीचा क्रमांक देई. तो त्या खुर्चीवर जाऊन बसे आणि तिथे दुसरा विद्यार्थी त्याच्याशी बोले. मी दारावरच राही. या विषयात मुलांना सर्वांत उशिरा कळते ते हेच. दारावर ऐकत बसलेले सॉकेट, म्हणजे प्रोग्रॅमचे जोडणीसाठीचे टोक, येणाऱ्याशी कधीच बोलत नाही. ॲक्सेप्टच्या ओळीवर प्रोग्रॅम नुसता थांबून राहतो; कोणी आले, की त्याच्यासाठी नवे सॉकेट तयार होते, पुढचे सगळे बोलणे त्या नव्याकडे जाते, आणि दारावरचे पुन्हा वाट पाहू लागते. दाराजवळ मी एक आखूड बाकही ठेवला होता. ती रांग. सर्व्हर कामात असताना येणाऱ्यांनी त्यावर बसावे. बाक भरला, की नंतरच्याला जागा नाही.

बाक भरला तेव्हा कंत्राटदाराचा मुलगा आला. त्याने माझ्या कानाजवळ दारावर ठोठावले.

"रांग भरली आहे," मी म्हणालो. "परत जा."

"परत?"

"हो. रांग भरल्यावर सर्व्हर नवीन जोडणी घेत नाही."

तो जागचा हलला नाही. "मला परत लावायलाव?"

"तुम्हाला नाही. रांग भरल्यावर येईल त्याला."

वर्ग एकदम शांत झाला. ती शांतता मी एकाग्रतेची समजलो आणि समाधानाने पुढे शिकवू लागलो. तो आपल्या जागेवर जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याने शिस्तीत हात वर केला.

"सर, एक डाऊट हाय. ह्याच्यात मागनं आलेल्याला आधी घ्यायची सोय हाय का? कोट्यातनं?"

पुन्हा हशा झाला. पण या वेळी तो माझ्याकडे न बघता झाला, आणि शिक्षकाला हा फरक लगेच कळतो. प्रश्न तांत्रिक असेल तर त्याला तांत्रिक उत्तर द्यावे, असे माझे प्रशिक्षण होते.

"नाही," मी म्हणालो. "ॲक्सेप्ट रांगेतल्यांना आलेल्या क्रमानेच घेते."

"मंग बरंय," तो म्हणाला. "मशीन तरी सरळ हाय म्हणायचं."

त्या दिवसापासून 'परत जा' हा वर्गाचा खेळ झाला. मी कँटीनमध्ये चहाला गेलो की बाकावरची मुले सरकून जागा भरून टाकत. "रांग भरली, सर. परत जा." बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी असली की मागून कोणी तरी हळूच म्हणे, "ॲक्सेप्ट, ॲक्सेप्ट." प्राचार्यांच्या कानावर हे गेले होते. "वर्गावर वचक पायजे," असे ते मला एकदा जिन्यात म्हणाले आणि वर निघून गेले.

एका दुपारी तास संपवून बाहेर आलो तेव्हा व्हरांड्यातल्या ढिगात माझा एकच बूट होता. मुले भिंतीला टेकून उभी होती.

"दुसरा बूट कुणी पाहिला का?"

"सर, एकच कनेक्शन लागलं," कंत्राटदाराचा मुलगा काळजीच्या स्वरात म्हणाला. "दुसरं टाइमआउट झालं वाटतं."

"कामून हसायलाव रे?" त्याने लगेच बाकीच्यांना दटावले. "सरांना अनवाणी जायाला लागंल. सवय असंल म्हणा."

शिपायाने त्याच्या जुन्या चपला दिल्या. त्या घालून मी जनवाड्याला गेलो. आप्पा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांना वाचायला दिसत नसे, पण पायांत काय आहे हे चालण्याच्या आवाजावरून कळे.

"ह्या कुनाच्या चपला?"

"शिपायाच्या. बूट सापडला न्हाई."

"सापडला न्हाई, का सापडू दिला न्हाई?"

"पोरं हाईत, आप्पा. चेष्टा करतेत."

"कशावरून?"

मी खाली बसलो आणि त्यांना सगळे नाटक सांगितले: दार, बाक, खुर्च्या, कोण कोणाला घेते. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला शिकवण्याचे सुख वेगळेच असते. ते मधेच बरोबर त्या जागी थांबवत.

"म्हंजे दारावरचा कुनाशीच बोलत न्हाई."

"न्हाई. नुसता आत घेतंय. बोलायचं काम दुसऱ्याचं."

"आन् घ्यायचंच नसलं तर?"

"तर तसं कळवितंय. समोरच्याला लगेच उत्तर येतंय, नाकारलं म्हणून."

"कळवितंय?" त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "बरं हाय की मग यंत्र."

थोडा वेळ ते पायाने मातीत काही तरी रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "मी शाळंत गेलो तवा मास्तरनी मला जा म्हणलं न्हाई. ये बी म्हणलं न्हाई. मी आपला पायरीवर बसून ऐकायलोय, मास्तर आत शिकवायलेत. असल्या वक्ताला काय करतंय तुजं यंत्र? उत्तरच येत न्हाई तवा?"

"थांबतंय. ठरलेला वेळ. मग आपलं आपण समजून घेतंय."

"तो वेळ कोन ठरवितंय?"

"थांबनारा."

आप्पा हसले. "मंग मी लईच थांबलो म्हन की."

मी दुसऱ्या दिवशी बीदरच्या बाजारातून नवे बूट घेतले आणि प्रयोगशाळेत जाताना ते पिशवीत घालून आत नेऊ लागलो.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी कपाट उघडले. पेटीवर वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. मी त्या झटकल्या, तारा पसरल्या, टोके बसवली आणि आमच्या प्रयोगशाळेतले संगणक पहिल्यांदा एकमेकांना दिसू लागले. प्रात्यक्षिकासाठी मी कंत्राटदाराच्या मुलाचाच प्रोग्रॅम निवडला. दुसरा कोणताही निवडला असता तर ते विषयाशी अप्रामाणिकपणाचे झाले असते. त्याच्या प्रोग्रॅमने सगळे पत्ते लावून घेतले होते, येणाऱ्या प्रत्येकासाठी तो वेगळी प्रक्रिया सुरू करत होता, चुका तपासत होता. खिडकीजवळच्या यंत्रावरून हाक मारली, भिंतीजवळच्या यंत्राने ती घेतली. पुन्हा मारली, पुन्हा घेतली. एकाच वेळी अनेकांनी मारली, सगळ्यांची घेतली.

"उत्तम," मी म्हणालो, आणि तो शब्द मी क्वचितच वापरतो.

"उद्या बगा, सर," तो म्हणाला. "समिती आपल्यालाच ध्यानात ठिवंल."

समितीत एक वयस्क प्राध्यापक होते. मूळचे उदगीरकडचे, म्हणून मराठी बोलत. त्यांनी बूट दाराबाहेर काढले, मोज्यांनिशी आत आले, पडद्यांकडे पाहिले, आणि जो प्रश्न चांगला परीक्षक विचारतो तोच विचारला. "जोडणी स्वीकारून दाखवा."

मुलाने भिंतीजवळच्या यंत्रावर प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर 'वाट पाहत आहे' या अर्थाची ओळ आली. प्राध्यापक स्वतः खिडकीजवळच्या यंत्रापाशी बसले आणि त्यांनी हाक मारली. पडद्यावर आले: कनेक्शन रिफ्युज्ड, जोडणी नाकारली. पुन्हा मारली. तेच. मी तारांची टोके तपासली; दिवे हिरवे होते. सर्व्हर शांतपणे वाट पाहतच होता. मग ते उठले, भिंतीजवळ आले आणि त्याच यंत्रावरून त्याच यंत्राला हाक मारली. जोडणी लगेच झाली.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. मलाही नाही.

"हा तर स्वतःचंच ऐकतोय," ते म्हणाले. "बाहेरच्याला घेतच नाही. असा का लिहिलात?"

"आमाला असंच शिकिवलंय, सर," मुलगा नम्रपणे म्हणाला. हात मागे बांधलेले, मान किंचित खाली.

"असंच म्हणजे?"

"दार उघडायचं न्हाई. आतल्यानं आतूनच ठोठवायचं. सर दाराला पाठ लावून उभारत होते, आन् आमी आतले आतून ठोठवत होतो."

समितीतले दुसरे गृहस्थ हसले. प्राध्यापकांनी वर्गाकडे पाहिले. "खरं आहे का हे?"

"व्हय, सर." सगळ्यांनी म्हटले. इतक्या एका सुरात त्या वर्गाने माझा एकही धडा कधी म्हटला नव्हता.

"दाराला पाठ लावून?" प्राध्यापकांनी मला विचारले.

"हो. पण ते नाटक होते. खरा पत्ता कसा लावायचा हे मी—"

"दार बंद ठेवून?"

"दार उघडू नये अशी सूचना आहे," मी म्हणालो आणि दाराकडे बोट केले.

दारावर सूचना नव्हती. समितीला बरे दिसणार नाही म्हणून ती त्या सकाळीच काढली गेली होती. चार कोपऱ्यांच्या जागी डिंकाचे पिवळे डाग होते.

"कसली सूचना?" प्राचार्यांनी विचारले. त्यांच्या आवाजात खरेखुरे कुतूहल होते.

"काल हे चालत होते," मी म्हणालो. असे म्हणू नये हे मला ठाऊक होते. दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक नापास विद्यार्थी हेच वाक्य म्हणतो.

"काल आम्ही नव्हतो ना," प्राध्यापक म्हणाले. या वेळी प्राचार्य सगळ्यांत मोठ्याने हसले.

निघताना प्राध्यापकांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकीचा प्रोग्रॅम फार सुबक लिहिला आहे, असे सांगितले. तेव्हा तो म्हणाला, "सरांवर रागवू नका, सर. आमचे सर लई साधे हाईत. त्यांना मिळालं तेवढंच त्यांनी शिकिवलं." दाराशी उभ्या मुलांनी तोंडे फिरवली. त्यांचे खांदे हलत होते.

सगळे गेल्यावर मी भिंतीजवळच्या यंत्रावर बसून तो प्रोग्रॅम उघडला. पत्ता लावण्याची ओळ बदललेली होती. सगळे पत्ते असलेल्या जागी १२७.०.०.१ आला होता, आणि त्या ओळीपुढे, चांगला प्रोग्रॅमर देतो तसा, इंग्रजीत शेरा दिला होता: सरांच्या सूचनेप्रमाणे.

मी ती ओळ बराच वेळ पाहिली. तक्रार कशाची करावी, हा प्रश्न होता. त्या दुपारी प्रयोगशाळेत बोलला गेलेला एकही शब्द खोटा नव्हता. दार बंद होते. मी पाठ लावून उभा होतो. आतल्यांनीच आतून ठोठावले होते. 'हे उलटे आहे' हे माझे एक वाक्य तेवढे सगळ्यांच्या सांगण्यातून गळले होते, आणि गळलेल्या वाक्याला साक्षीदार नसतो.

सचिवांनी मला पुन्हा बोलावले नाही. पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात जाहिरात आली आणि ती शिक्षकांच्या खोलीत टेबलावर उघडी ठेवलेली होती. सत्र संपेपर्यंत मी शिकवावे, एवढे प्राचार्यांनी व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितले. आप्पांना मी संध्याकाळी सांगितले. त्यांनी विचारले, "कळविलं का त्यांनी?" मी म्हणालो, "जाहिरात आली." ते म्हणाले, "ते कळवनं न्हवं," आणि मग डोळ्यांचा विषय त्यांनी माझ्यासमोर पुन्हा कधी काढला नाही.

सत्राअखेरीस अंतर्गत गुण द्यायचे होते. कंत्राटदाराच्या मुलाला मी पैकीच्या पैकी दिले. यादी लागली त्या दिवशी तो शिक्षकांच्या खोलीत आला; सोबत दोघेतिघे दाराशी थांबले.

"सर, पैकीच्या पैकी?"

"तुमचे काम तेवढे होते."

"पप्पा म्हणले होते, मास्तर सूड काडणार. मी म्हणलो, न्हाई काडणार. त्यांच्यात दम न्हाई." त्याने मागे वळून मित्रांकडे पाहिले. "भ्यालाव का, सर?"

"प्रोग्रॅम बरोबर होता," मी म्हणालो. "एक ओळ सोडून. ती ओळ सत्राच्या कामात नव्हती, ती तपासणीच्या दिवशी लिहिलेली आहे. तिला गुण द्यायची किंवा कापायची सोय माझ्याकडे नाही."

त्याने माझ्या टेबलावरचा खडू उचलला, दोन तुकडे केले, जागेवर ठेवले. "लई शिकिवलाव, सर," तो म्हणाला आणि गेला. पुढे तो पुण्याला आणि तिथून परदेशी गेला, असे ऐकले. त्याचे सर्व्हर आज कुठकुठच्या हाका घेत असतील. त्याला ते येतच होते.

शेवटच्या दिवशी माझा एक तास उरला होता. एकदा तरी हा धडा सुलट शिकवावा, असे मी ठरवले होते. दार उघडायचे, मुलांना बाहेर व्हरांड्यात उभे करायचे आणि बाहेरून ठोठावायला लावायचे. गार हवा जायची तर जाईल. मी घंटा झाल्यावर लगेच गेलो. दार लावलेले होते. व्हरांड्यात चपला-बुटांचा भरगच्च ढीग होता. पूर्ण वर्ग आत होता. त्या सत्रात इतकी हजेरी मी पाहिली नव्हती.

मी दार ढकलले. आतून कडी होती. मी ठोठावले.

आत एसीची घरघर चालू होती. कोणी तरी खुर्ची सरकवली, कोणी तरी नाकातून हसू दाबले. मी पुन्हा ठोठावले. 'रांग भरली, परत जा' असे कोणी ओरडेल, असे मला वाटत होते. इतके दिवस त्यांनी तोच विनोद केला होता. त्या दिवशी कोणी काही ओरडले नाही. त्यांना माझ्या अपेक्षेपेक्षा विषय चांगला समजला होता. नकार हे उत्तर असते. ते यायला पलीकडे कोणी तरी आपली हाक ऐकलेली असावी लागते आणि ऐकल्याचे मान्य करावे लागते. उत्तरच आले नाही, तर हाक मारणाऱ्याला काहीच कळत नाही: पलीकडचे यंत्र बंद आहे, वाटेत तार तुटली आहे, की तिथे माणसे बसून एकमेकांच्या तोंडावर हात ठेवत आहेत. प्रोग्रॅमला यातले काहीच ओळखता येत नाही. मला बाहेर बूट दिसत होते.

मी तिसऱ्यांदा ठोठावले आणि थांबलो. आप्पांइतका थांबलो नाही.

मग मी पिशवीतून माझे बूट काढून त्या ढिगापासून दूर, जिन्यावर बसून घातले, आणि माझ्याजवळची प्रयोगशाळेची दुसरी किल्ली परत करायला प्राचार्यांच्या खोलीत गेलो. ते कोणाशी तरी फोनवर बोलत होते. किल्ली टेबलावर ठेवली तेव्हा त्यांनी फोनच्या तोंडावर हात धरला.

"दार उघडं ठेवून तर आला न्हाईत ना?" त्यांनी विचारले. "गार हवा जाते."

"नाही," मी म्हणालो. "बंदच आहे."